तिटकारांक

प्रयोगशाळेत नासक्या दुधाचा वास भरला होता आणि तो मुद्दाम भरला होता. काचेच्या खोलीत बसवलेल्या माणसानं तो वास घ्यायचा, समोरच्याकडे बघायचं आणि ‘या, बसा’ एवढंच म्हणायचं, असा प्रयोग होता. माणसं अगदी हसतमुखानं म्हणत. बाहेरच्या पडद्यावर त्यांच्या आवाजाची रेघ मात्र एका जागी चिमटीत धरल्यासारखी बारीक होई.

डॉ. निखिल भिंगारदिवे नाकाला रुमाल लावून ते बघत होता. तो कोल्हापूरकडच्या कोनवडी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांसाठी सरकारनं ‘पाठराखण’ नावाची योजना काढली होती आणि तिची सुरुवात त्याच्या केंद्रापासून व्हायची होती. म्हणून त्याला पुण्याला बोलावलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या डॉ. केतकी कोरगावकर या स्वरविज्ञान विभागाच्या प्रमुख. त्यांना त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं.

“किळस आली की घसा ओकारीच्या तयारीला लागतो,” केतकी सांगू लागल्या. “टाळूचा मागचा पडदा वर सरकतो, घसा आवळतो. ओकारी येत नाही, पण आवाज त्या आवळलेल्या घशातूनच बाहेर पडतो. राग लपवता येतो, कंटाळा लपवता येतो. तिटकारा लपवता येत नाही, कारण ते स्नायू आपल्या ताब्यातच नसतात.”

“आणि ऐकणाऱ्याला तो कळतो?”

“कळत नाही. लागतो. रुग्णालयातून बरे होऊन गेलेले लोक परत का येतात, डॉक्टर? गोळ्या चुकवतात म्हणून येतात, हे खरंच. पण गोळ्या न चुकवणारेही येतात. त्यांना घरात दिवसभर किती तिटकारा ऐकावा लागतो, ते आम्ही मोजलं. जिथे जास्त, तिथला माणूस परत आला. शब्द कितीही गोड असले तरी.”

त्यांनी चिंचोक्याएवढा एक काळा मणी त्याच्या तळहातावर ठेवला. त्याचं नाव कंठमणी. रुग्णानं तो गळ्यात घालायचा. रुग्णाशी जो कोणी बोलेल त्याच्या आवाजातला तिटकारा तो मोजतो आणि दिवसाचा आकडा, म्हणजे तिटकारांक, आरोग्य केंद्राला पाठवतो. शब्द पाठवत नाही, फक्त आवाजाचा पोत पाठवतो, कारण घरातल्या गोष्टी सरकारनं ऐकू नयेत असा कायदा होता. मर्यादा ओलांडली की मण्यावर लाल ठिपका उमटतो. मण्याला अंगाची ऊब लागते. काढून खिळ्याला अडकवला तर केंद्रात लगेच बोंब होते.

“आणि ज्याच्या गळ्यात आहे त्याचा स्वतःचा आवाज?”

“तो वगळला जातो. स्वतःचा आवाज मण्यापर्यंत हाडांतून पोचतो, दुसऱ्याचा हवेतून. हाडातून आलेला आवाज मणी टाकून देतो.”

“का? तोही मोजायला काय हरकत आहे?”

“त्याचा मोजून काय करायचं? रुग्ण तोच आहे ना,” केतकी म्हणाल्या. “तुम्ही फक्त आकडा बघा. वाढला तर घरी जा, घरच्यांना समजवा. तरी उतरला नाही तर रुग्णाला पुन्हा रुग्णालयात पाठवायचं. त्याच्याच सुरक्षिततेसाठी.”

“म्हणजे तिटकारा घरच्यांचा आणि उचलायचं रुग्णाला?”

“मग घर कुठे दाखल करणार, डॉक्टर?”

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला,” निखिल म्हणाला. केतकी मनापासून हसल्या. म्हण त्यांना फार आवडली, पण नियम काही बदलला नाही.

*

कोनवडीत पहिला मणी राजश्री मगदूमच्या गळ्यात पडला. राजश्री चाळिशीची. एके काळी तिला भिंतीतून आवाज ऐकू येत, ते तिला नावं ठेवत आणि ती त्यांच्याशी भांडे. नवऱ्यानं रुग्णालयात सोडली ती परत नेलीच नाही. रुग्णालयात तिचे भास थांबले, झोप परत आली, तिला अक्षरं पुन्हा नीट वाचता येऊ लागली. शेवटी भावाला नोटीस गेली तेव्हा तो तिला घेऊन आला. दर महिन्याला केंद्रात येऊन ती मुकाट्यानं इंजेक्शन घेई. तिचं मागणं एकच होतं.

“तिकडं परत धाडू नका, डॉक्टरसाहेब. बाकी कसंबी ऱ्हाते मी.”

कसंबी म्हणजे कसं, ते निखिलनं पहिल्याच गृहभेटीत पाहिलं. भाऊ सुकुमार आणि वहिनी सुजाता यांचं घर खातंपितं. दारात ट्रॅक्टर, गोठ्यात डेअरीला दूध घालणारी म्हैस. राजश्रीची ताटली वेगळी, ती मोरीच्या कट्ट्यावर पालथी पडलेली. तिचं अंथरूण सुजाता हातानं उचलत नसे, पायानं सरकवी. आजार अंगाला चिकटतो असं नाही, हे सुजाताला ठाऊक होतं, ती बी.ए. झालेली होती. तरीही राजश्री जवळून गेली की ती पदर सावरून घेई. आणि डॉक्टर आल्यावर तोंड भरून म्हणे, “आमच्या ताई आहेत, आम्हीच नको का करायला?” त्या वाक्याला मण्यावर लाल ठिपका उमटला.

केंद्रात नातेवाइकांचे वर्ग घेतले गेले. माणसं रांगेनं बसली, चहा प्यायली, ‘प्रेमानं बोला’ असं एका सुरात म्हणाली आणि घरी जाऊन प्रेमानं बोलू लागली. आकडे जागचे हलले नाहीत. तोंडात साखर घोळवली तरी घसा तोच होता. मग लोकांनी सोपी युक्ती काढली. ते रुग्णाशी बोलेनासेच झाले. आवाज नाही तर तिटकारा कुठला? घरोघरचे आकडे शून्यावर आले आणि माणसं भिंतींकडे तोंड करून बसू लागली. तेव्हा पुण्याहून नवा नियम आला. ज्या घरात रुग्णाशी कोणी बोलत नाही ते ‘अबोल घर’, आणि अबोल घरातला रुग्णही परत रुग्णालयात जाईल. घर करील ते करील, खापर नेहमी रुग्णाच्याच डोक्यावर.

आणि अशात मगदूमांचा आकडा उतरला. नुसता उतरला नाही, तळाला टेकला. मण्याशी रोज भरपूर बोलणं होत होतं आणि त्यात तिटकाऱ्याचा अंशही नव्हता. निखिलला इतका आनंद झाला की त्यानं शंका घेतली नाही. नियमही असा होता की ज्यांचे आकडे वाईट त्यांच्याच घरी जायचं. चांगल्या घरी जायला वेळ होता कुणाला? इंजेक्शनच्या दिवशी राजश्री येई, मणी गळ्यात असे, ती खाली मान घालून ‘बरं हाय’ म्हणे. जिल्ह्याच्या कार्यक्रमात सुकुमारला आदर्श पालक म्हणून शाल आणि नारळ मिळाला. शाल पांघरून त्यानं फोटो काढून घेतला. त्या फोटोत राजश्री नव्हती.

*

केतकींचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात उत्साह मावत नव्हता.

“डॉक्टर, तुमच्या त्या मगदूमांच्या घरी एक बाई आहे. इतक्या घरांचे पोत आम्ही तपासले, तिटकाऱ्याचा थोडा अंश सगळ्यांत असतो. तान्ह्या बाळाशी बोलणाऱ्या आईतसुद्धा, दुपट्याच्या वासानं का होईना, असतोच. या बाईच्या आवाजात शून्य आहे. सकाळ-संध्याकाळ, कधीही. ही वहिनी का हो?”

निखिलला सुजाताचा पदर आठवला. “तपासून सांगतो,” तो म्हणाला.

“सावकाश तपासा. आम्ही पोत घेतलासुद्धा. त्याच्यावरून यंत्राचा आवाज तयार केलाय, स्नेहस्वर. माणसांचे घसे काही सुधारत नाहीत, मग रुग्णांशी बोलायला माणसं हवीत कशाला? प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीत, प्रत्येक आरोग्य केंद्रात हाच आवाज बोलेल. घरच्या पालकाची संमती आलीय, सुकुमार मगदूमांची.”

निखिल न कळवता मगदूमांच्या दारी गेला. सुकुमार घरात नव्हता. सुजाता दारात आडवी आली, ताई झोपल्यात म्हणाली. पण घरामागच्या परड्यातून बोलण्याचा आवाज येत होता आणि निखिल त्या आवाजाच्या मागे गोठ्यापर्यंत गेला.

राजश्री म्हशीच्या कासेशी बसून धार काढत होती. “थांब गं बाई, झालंच. पाय दुखतोय व्हय? बगते हां. माशी बसली काय गं, थांब उडवते.” म्हैस रवंथ करत उभी होती. म्हशीच्या गळ्यात घंटेच्या दोरीला काळा मणी बांधला होता. कोपऱ्यात, शेणाच्या पाटीशेजारी, राजश्रीचं अंथरूण होतं आणि त्यावर तिची ताटली. गोठ्याला गळती होती. अंथरुणाचं एक टोक मूत साचलेल्या नालीत भिजलं होतं.

निखिलला तिथेच ओकारी आली. शेणामुताची नव्हे. गोठा त्याला नवा नव्हता.

सुकुमार शेतातून आला तेव्हा तो जरासुद्धा वरमला नाही. त्याला खरोखरच वाटत होतं की यात काही गैर नाही.

“रागावताय कशाला, डॉक्टर? डेअरीत आमी काय करतोय? नमुन्याला चांगलं दूध घालतोय, बाकीचं कॅनमदी. मशीन खूश, डेअरी खूश. तुमचं मशीनबी तसलंच. घरात शिव्या खाईत न्हाई असा एकच जीव हाय, ती ही म्हस. तिला कोन वंगाळ बोलतंय? म्हनून घातला तिच्या गळ्यात. ऊबबी मिळती त्येला.”

“आणि तुमची बहीण गोठ्यात राहते?”

“तिला हितंच बरं वाटतंय. इचारा तिला.”

निखिलनं विचारलं. राजश्री उठून उभी राहिली, हात लुगड्याला पुसले आणि भावाकडे न बघता म्हणाली, “बरं वाटतंय.” मग सुकुमार घरात गेल्यावर ती झटकन पुढे आली.

“डॉक्टरसाहेब, म्हशीच्याच गळ्यात ऱ्हाऊ दे की मणी. कुनाचं काय जातंय? आकडा चांगला येतोय, मी हितं ऱ्हातीया. हितं म्हशीसंगं बोलता तरी येतंय. तिकडं कुनासंगं बोलू?”

केंद्रात परतताना निखिलला सगळं लख्ख कळलं. मणी राजश्रीच्या गळ्यात असता तर तिचा आवाज त्यानं हाडातून आला म्हणून टाकूनच दिला असता. म्हशीच्या गळ्यात होता म्हणून तो मोजला गेला. म्हशीचं रेकणं मण्यानं वगळलं आणि रुग्णाचा आवाज घरच्यांचा म्हणून नोंदवला. साऱ्या राज्यात ज्या एका घशात तिटकारा नव्हता, तो घसा यांनी गोठ्यात ठेवला होता.

त्यानं केतकींना खरं सांगून टाकलं. राजश्रीनं हात जोडले होते, तरी सांगितलं. त्याला वाटलं, एवढी मोठी गोष्ट कळल्यावर कोण तिला परत पाठवील? उलट मानानं वागवतील.

पलीकडे केतकींनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाल्या, “फारच रंजक आहे. पण पोतावर परिणाम होत नाही. आवाज कुणाचा का असेना, शून्य ते शून्य. आणि संमतीचीही अडचण नाही, रुग्णाच्या वतीनं पालकच देतो.” त्या पुढे म्हणाल्या, “मात्र मणी रुग्णाच्या गळ्यात नव्हता, ही गंभीर बाब आहे. तिचा आकडा आमच्याकडे मुळीच नाही. तो आता नव्यानं घ्यावा लागेल.”

“तिला केंद्रात ठेवून घेतो मी. मागच्या क्वार्टरमध्ये राहील.”

“पालकाशिवाय? तसा नियम नाही, डॉक्टर.”

*

मणी राजश्रीच्या गळ्यात आला. या वेळी त्याचं कुलूप केंद्राशिवाय निघणार नव्हतं. म्हशीची गोष्ट फुटून शाल-नारळाची नाचक्की झाल्यामुळे मगदूमांच्या घरानं तिच्याशी बोलणं सोडलं. जेवणाची ताटली गोठ्याच्या दारात ठेवून सुजाता निघून जाई. राजश्री दिवसभर म्हशीशी बोले, पण ते हाडातून येत होतं. मण्याच्या लेखी त्या घरात कोणीही बोलत नव्हतं. अबोल घर.

निखिलनं ठरवलं, मग आपणच बोलायचं. तो रोज जाऊ लागला. दवाखाना आटोपला की मोटरसायकल काढायची, मगदूमांच्या दारातून आत जायचं, गोठ्यात बादली पालथी घालून बसायचं आणि राजश्रीशी गप्पा मारायच्या. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, तिच्या शाळेतल्या आठवणी. राजश्री सुरुवातीला घाबरत बोले, मग मोकळी झाली. एकदा तर ती हसली. निखिलला वाटलं, जमलं.

तिच्या मण्यावर लाल ठिपका उमटला तो त्याच दिवशी. निखिलनं चमकून दाराकडे पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. तो घाईनं केंद्रात गेला, नोंदी उघडून बसला. बोलणारा आवाज एकच होता, त्याचा. आणि त्याचा तिटकारांक सुजातापेक्षा जास्त होता.

त्यानं केतकींना विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. तिटकारा कुणाबद्दल आहे, ते घशाला कळत नाही आणि मण्यालाही नाही. घसा आवळलेला आहे आणि समोर रुग्ण आहे, एवढंच मणी जाणतो.

निखिल रोज सुकुमारच्या दारातून आत जात होता. ओट्यावर शाल पांघरलेला तो फोटो टांगलेला होता. सुकुमार ‘या डॉक्टर, च्या घ्या’ म्हणे आणि निखिलला शिसारी येई. ती शिसारी घशात घेऊनच तो राजश्रीपुढे बसे. त्यानं दुसऱ्या दिवशी परड्याच्या वाटेनं जाऊन पाहिलं. पण गोठा दिसला की घसा आवळे, ताटली दिसली की आवळे. तिच्यासाठीच येणारा राग होता तो, पण ओकारीच्या वाटेनं येत होता. खाकरून, गरम पाणी पिऊन, हसून, सगळं करून झालं. ठिपका लालच राहिला. न बोलावं तर अबोल घर, बोलावं तर मर्यादा पार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर ओढायला आता आपलाही हात लागला, हे त्याला समजलं.

आदेश आला. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी पुनःप्रवेश. तिला नेण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राची.

राजश्री रडली नाही. गाडीत बसण्याआधी ती म्हशीपाशी गेली, गळ्याखाली खाजवलं आणि काहीतरी सांगितलं. सुजाता मागून गोठा धुवायला पाइप घेऊन उभीच होती.

*

रुग्णालय आतून बदललं होतं. भिंतींना फिकट रंग दिला होता. पूर्वी ज्या परिचारिका खेकसत त्या आता बोलतच नव्हत्या. त्यांना तशी सक्त ताकीद होती. त्या फक्त औषधं ठेवत आणि कागद पुढे करत. दाखल करून घेणारा डॉक्टर निखिलला अभिमानानं म्हणाला, “आता इथे रुग्णाच्या कानावर माणसाचा आवाज पडतच नाही. आमचा तिटकारांक राज्यात सगळ्यात खाली आहे.”

राजश्रीला तिची खोली दाखवली. एक खाट, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. ती उंबऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच भिंत बोलली.

“या बाई. दमला असाल. बसा, पाणी घ्या.”

राजश्री जागच्या जागी थिजली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं निखिलची बाही घट्ट धरली. ती कशाला घाबरली, ते निखिलला कळलं. हिला भिंतीतून आवाज ऐकू येत म्हणून तर इथे आणली होती.

“डॉक्टरसाहेब,” ती पुटपुटली, “भितीतनं कुनीतरी बोललं. तुमालाबी ऐकू आलं का? का मला परत...?”

निखिलला बोलणं भाग होतं. “मलाही आलं,” तो म्हणाला. “भास नाही, राजश्रीताई. यंत्र आहे ते. खरा आवाज आहे.” तिच्या गळ्यातल्या मण्यावर लाल ठिपका उमटला.

तिची पकड सैल झाली. ती खाटेवर बसली, कान देऊन राहिली. भिंत तिला म्हणत होती की खिडकी उघडली तर वारा येईल, की काळजी करू नका, की पाय दुखत असतील तर वर घेऊन बसा. ऐकता ऐकता तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“किती माया हाय ओ बाईच्या आवाजात,” ती म्हणाली. “हिच्या घरची मानसं नशीबवान असतील. कोन हाय ही?”

निखिलनं तोंड उघडलं. घसा आवळला होता. ठिपका अजून विझला नव्हता आणि आणखी एक वाक्य तिच्याच नावावर चढणार होतं. त्यानं तोंड मिटून घेतलं.

“जेवलात का?” भिंतीनं विचारलं.

“न्हाई अजून,” राजश्री भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “तू जेवलीस का गं बाई?”